टोपी पळवणारं गिधाड: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

‘सुपर मारिओ ६४’ हा निन्टेन्डो ६४ वरचा व्हिडिओ गेम १९९६ साली आला, तरी क्लेप्टोबद्दलची पत्रं अजून येतात. क्लेप्टो म्हणजे वाळवंटातलं ते गिधाड, जे झेप घालून मारिओच्या डोक्यावरची टोपी घेऊन उडतं. २००४ च्या निन्टेन्डो डीएस आवृत्तीत ते परत आलं आणि २०१७ च्या ‘सुपर मारिओ ओडिसी’तही. या अंकात त्याच्यावरचेच प्रश्न घेतले आहेत. बटनांची नावं निन्टेन्डो ६४ च्या कंट्रोलरवरची आहेत: ए म्हणजे उडी, बी म्हणजे मार.

शिफ्टिंग सँड लँड या वाळवंटाच्या लेव्हलमधला पहिला स्टार गिधाडाच्या पंजात आहे. दरवेळी मी त्याच्यामागे पळतो आणि वाळूत जाऊन मरतो. काय चुकतंय?
– एक वाचक, राजारामपुरी

पळणंच चुकतंय. या लेव्हलमध्ये सगळी वाळू सारखी नाही. काही ठिकाणी मारिओ हळूहळू रुततो, तिथून लगेच उडी मारली तर सुटका होते. काही ठिकाणी मात्र पाय पडला की संपलंच, मग लाइफ कितीही शिल्लक असो. वर गिधाडाकडे बघत पळणाऱ्याला खालचा फरक दिसत नाही.

म्हणून आधी टणक जागा पकडा, कॅमेरा मागे घ्या आणि थांबा. क्लेप्टो घिरट्या घालत फिरून येतोच. तो जवळ आला की जागेवरून उडी मारा आणि हवेत असतानाच बी दाबा. लाथ बसली की पंजातला स्टार सुटतो. साधी उडी कमी पडली तर दुहेरी उडी मारून बघा.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. वेगात पळत असताना उडी मारून बी दाबलं तर लाथ बसत नाही, मारिओ पुढे सूर मारतो आणि पोटावर घसरत जातो. पुढे रुतणारी वाळू असेल तर त्यातच. तुमचे बरेच जीव बहुधा इथेच गेले असणार.

स्टार सुटल्यावर तो गिधाडाच्या खाली पडेल असं समजून धावू नका. क्लेप्टोला कुठेही मारलं तरी स्टार एका ठरलेल्या जागीच उतरतो. कॅमेरा तो दाखवतो, ते नीट बघून मगच निघा.

गिधाडानं टोपी नेली, मी घाबरून लेव्हलमधून बाहेर आलो. आता वाड्यातसुद्धा मारिओ बोडकाच फिरतोय. टोपी गेली ती गेलीच का? धाकटा भाऊ म्हणतो नवी फाइल सुरू कर.
– एक वाचक, कसबा बावडा

फाइल अजिबात पुसू नका. टोपी या खेळात कायमची कधीच हरवत नाही. ती कुणाकडे आहे याची नोंद सेव्ह फाइलमध्येच असते, त्यामुळे कन्सोल बंद करून चालू केला तरी मारिओ बोडकाच राहतो. पण त्याच नोंदीमुळे टोपी सापडतेही.

वाड्याच्या तळघरातून पुन्हा शिफ्टिंग सँड लँडमध्ये जा आणि स्टारच्या यादीतून दुसरी किंवा त्यापुढची मोहीम निवडा. पहिली निवडू नका, कारण तिथे त्याच्या पंजात स्टार असतो. बाकीच्या मोहिमांत त्याच्याकडे बघा: तुमची लाल टोपी पंजात लटकलेली दिसेल. कृती तीच, टणक जागा आणि उभ्या जागेवरून लाथ. टोपी खाली पडते, तिला नुसता स्पर्श केला की मारिओ ती डोक्यावर चढवतो.

अडचण एकच, टोपी जिथे पडते ती जागा. ती रुतणाऱ्या वाळूत पडली तर डोळ्यांदेखत आत जाते. तिच्यामागे उडी टाकू नका. गडप झालेली टोपी पुन्हा क्लेप्टोच्याच नावावर चढते. लेव्हलमधून बाहेर पडून परत आत या, ती त्याच्याकडेच असेल. म्हणून त्याला मारायची जागा तुम्ही ठरवा, त्याला ठरवू देऊ नका. आजूबाजूला चारी बाजूंनी टणक जमीन असेल तिथेच लाथ घाला. या मारानं क्लेप्टो मरत नाही, थोडा मागे हटतो आणि पुन्हा येतो. त्यामुळे टोपी मिळाल्यावर त्याच्या टप्प्यात रेंगाळू नका.

टोपी क्लेप्टोकडे नसेल तर ती कुठे गेली ते आठवा. टॉल टॉल माउंटन या लेव्हलमधला युकीकी माकडही टोपी पळवतो, त्याला पकडलं की परत देतो. स्नोमॅन्स लँडमध्ये मोठ्या हिममानवाच्या फुंकरीनं ती उडते आणि तिथेच सोडून आलात तर मिस्टर ब्लिझर्ड नावाच्या हिममानवाच्या डोक्यावर जाऊन बसते. टोपी एकच आहे, म्हणून एका वेळी ती यांपैकी एकाकडेच असते.

टोपीशिवायच खेळत आलोय. काही बिघडतं का? की नुसतं दिसायचं?
– एक वाचक, इचलकरंजी

बिघडतं, आणि चांगलंच बिघडतं. मारिओची शक्ती ८ भागांची. टोपी नसताना शत्रूचा प्रत्येक फटका जास्त लागतो: १ भागाचा फटका २ चा होतो, २ चा ३ होतो आणि ३ चा थेट ५. लाव्हाला पाय लागला तर टोपी असताना ३ भाग जातात, नसताना साडेचार. म्हणजे शक्ती पूर्ण भरलेली असताना टोपीवाला मारिओ लाव्हाचे दोन चटके सोसतो, तिसऱ्याला मरतो. बोडका दुसऱ्यालाच मरतो. लीथल लाव्हा लँड ही लाव्हाची लेव्हल त्याच तळघरात आहे. वाळवंटात टोपी घालवून तिकडे जाणाऱ्यांना खेळ एकदम अवघड वाटू लागतो, त्याचं कारण हेच. आधी टोपी, मग लाव्हा.

पंखांची टोपी घातलेली असताना क्लेप्टो ती नेतो का?
– एक वाचक, शाहूपुरी

नाही. विंग (पंखांची), मेटल (धातूची) किंवा व्हॅनिश (अदृश्य करणारी) यांपैकी कुठलीही खास टोपी डोक्यावर असेल तर चोरी होत नाही. चोरीला जाते ती फक्त साधी टोपी. विंग कॅप ६० सेकंद टिकते, तेवढा वेळ निर्धास्त राहा. चार खांबांवर उभं राहण्याची चौथी मोहीम आणि ८ लाल नाण्यांची पाचवी यांत तिचा उपयोग आहेच. विंग कॅप ज्यांतून मिळते ते ठोकळे अजून पारदर्शक दिसत असतील तर आधी लाल स्विच दाबून या: १० स्टार झाल्यावर वाड्याच्या दिवाणखान्यात वरून उजेड पडतो, त्या उजेडात उभं राहून वर बघा.

साधी टोपी आधीच गिधाडाकडे असेल तर खास टोपी तेवढ्यापुरतीच. वेळ संपला की मारिओ पुन्हा बोडका.

माझी मुलगी ‘ओडिसी’ खेळते. लॉस्ट किंगडममध्ये पक्ष्यानं कॅपीला नेलं आणि ती अडकून बसली आहे. मी तिला काय सांगू?
– एक आई, कागल

ताई, कॅपी म्हणजे ‘ओडिसी’तली मारिओची जिवंत टोपी. तिला सांगा की हा टप्पा टोपीशिवायच पार करायचा असतो, तिचं काही चुकलेलं नाही. कॅपी नसेल तर टोपी फेकता येत नाही आणि कुणाच्या अंगात शिरताही येत नाही. उड्या मात्र राहतात: पळत असताना झेडएल (हे स्विचच्या कंट्रोलरवरचं बटन) दाबून उडी म्हणजे लांब उडी, उभ्यानं झेडएल दाबून उडी म्हणजे उंच कोलांटी, पळता पळता स्टिक एकदम उलट फिरवून उडी म्हणजे बाजूची कोलांटी. उंच कट्ट्यासाठी कोलांटी, दरीसाठी लांब उडी. बेटाभोवतीचं जांभळं पाणी विषारी आहे, त्यात पडलं की संपलं. म्हणून लांब उडीआधी कॅमेरा फिरवून पलीकडची जमीन तिला बघायला सांगा. गिधाडापर्यंत पोचून त्याच्यावर उडी मारली की कॅपी सुटतो. त्यानंतर गिधाड जवळपास असताना टोपी फेकायची नाही.

काकांनी अमेरिकेहून जुना निन्टेन्डो ६४ आणलाय. स्टिक सैल आहे, त्यामुळे तिहेरी उडी लागतच नाही आणि क्लेप्टो निसटतो.
– एक वाचक, गडहिंग्लज

आधी विजेचं बघा. अमेरिकेतला ॲडॉप्टर १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३० येतात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावलात तर ॲडॉप्टर जळेल.

आता स्टिक. हा कंट्रोलर चालू होतानाच्या स्थितीला ‘मध्य’ धरतो. त्या वेळी स्टिकवर बोट असेल तर पुढची सगळी गणितं कलतात. स्टिक मोकळी सोडून एल, आर आणि स्टार्ट एकत्र दाबा, मध्य पुन्हा धरला जाईल. तरीही मारिओ पूर्ण वेगानं पळत नसेल तर आतल्या प्लास्टिकच्या वाटीची झीज झाली आहे. उघडल्यावर पांढरी भुकटी दिसेल. ती पुसून भागत नाही, स्टिकचा भागच बदलावा लागतो. तोवर तिहेरी उडीचा नाद सोडा. तिला पळण्याचा वेग लागतो, जागेवरच्या लाथेला लागत नाही.