रिपोर्टमध्ये पहिलं नाव केराटिनचं, आता काय करू?

प्रश्न : सर, मी एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीला आहे. ई. कोलाय बॅक्टेरियामधून एक प्रोटीन प्युरिफाय केलं, जेलवर (यात प्रोटीन वजनाप्रमाणे वेगळी होतात) ३० किलोडाल्टनच्या आसपास बँड आला, तो कापून मास स्पेक्ट्रोमेट्रीला (तुकड्यांच्या वजनावरून प्रोटीन ओळखायला) दिला. रिपोर्टमध्ये वरची तीन नावं माणसाच्या केराटिनची! माझं प्रोटीन चौथं, त्याचे सहा पेप्टाइड (प्रोटीनचे छोटे तुकडे) मिळालेत. दुसरं सँपल जेल न करता तसंच दिलं होतं, लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) ट्रायटॉन हे डिटर्जंट होतं. त्यात तर नुसते ४४-४४ डाल्टनच्या अंतरावर पीक (आलेखातले उंचवटे). सगळं परत करायचं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिलं सँपल वाया गेलेलं नाही, हे आधी सांगतो. केराटिन म्हणजे आपल्याच कातडीतलं नि केसातलं प्रोटीन, लॅबच्या धुळीत ते असतंच आणि हल्लीच्या मशीन इतक्या सेन्सिटिव्ह आहेत की बँड कापताना पडलेली धूळही पकडतात. कातडीची केराटिनं साधारण ४० ते ६७ किलोडाल्टनची असतात, तुझा बँड ३० चा, म्हणजे ती बहुतेक जेल रन झाल्यावर वरून पडलीयेत. यादीतला नंबर सोड, ते सहा पेप्टाइड फक्त त्याच प्रोटीनचे आहेत का बघ, आणि प्रत्येकाचा स्पेक्ट्रम स्वतः उघडून त्यात बी आणि वाय आयनांची (पेप्टाइड तुटल्यावर त्याच्या दोन टोकांकडचे तुकडे) सलग मालिका दिसते का ते तपास. आणि एक, रिपोर्ट छान दिसावा म्हणून केराटिन डेटाबेसमधून काढून सर्च परत मारू नको, त्याचे स्पेक्ट्रम मग ई. कोलायच्याच कुठल्यातरी प्रोटीनला जाऊन चिकटू शकतात!

खरी अडचण दुसऱ्या सँपलची आहे. ट्रायटॉनमध्ये इथिलीन ऑक्साइडची साखळी असते, एकेक कडी ४४ डाल्टनची, म्हणून तसे पीक. ट्रायटॉन सी-१८ कॉलमला (मशीनच्या आधी पेप्टाइड वेगळे करणाऱ्या नळीला) पेप्टाइडसारखंच चिकटतं, असिटोनायट्राइल हे सॉल्व्हंट वाढवत नेलं की पसरून बाहेर येतं, आणि इलेक्ट्रोस्प्रेमध्ये (थेंबांच्या फवाऱ्यातून पेप्टाइडना चार्ज द्यायची पद्धत, ज्यासाठी जॉन फेन यांना २००२ च्या नोबेलचा वाटा मिळाला) थेंबातला चार्ज तेच खाऊन टाकतं, पेप्टाइड असूनही दिसत नाहीत. सी-१८ टिपने साफ करून काही होणार नाही, कारण टिपलाही ते चिकटतंच.

म्हणून उरलेलं सँपल जेलमध्ये थोडंसंच आत चालव, म्हणजे प्रोटीन जेलमध्ये अडकून राहील नि ट्रायटॉन धुऊन काढता येईल; बँड काप, निळा रंग जाईपर्यंत अमोनियम बायकार्बोनेट आणि असिटोनायट्राइलचे वॉश दे. शेवटी नुसतं असिटोनायट्राइल टाकलं की तुकडा आक्रसून खडूसारखा पांढरा नि कडक होतो, तो तसा झाल्याशिवाय पुढे जाऊ नको, कारण मगच तो ट्रिप्सिनचं (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमचं) सोल्युशन नीट आत ओढून घेतो. मग रात्रभर ३७ डिग्रीला. ट्यूब नव्या घे, साबणाने धुतलेल्या भांड्यातूनही हेच ४४ वाले पीक येतात. ग्लोव्ह्ज घालून कापायचं, लोकरीचा स्वेटर नको, लोकरही केराटिनच.

पुढच्या वेळी फॉर्मवर बफरमधलं सगळं लिहून दे, डिटर्जंट किती टक्के तेही. मशीन चालवणाऱ्याला आधी कळलं तर तो सँपल कॉलमवर टाकायच्या आधीच तुला थांबवेल.