मेलबर्नला निघण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आयटीतली सात वर्षांची नोकरी सोडून मेलबर्नला बरिस्टा, म्हणजे कॅफेत कॉफी करणारा, व्हायचंय आणि घरी विषय काढायचा धीर होत नाही, असं लिहिलंयस. मी तुला अडवणार नाही. बँकेची नोकरी सोडून मीही 32व्या वर्षी याच कामाला लागले आणि मला त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही. पण राजीनामा देण्याआधी निदान सहा महिने, दर शनिवार-रविवार, पुण्यातल्या एखाद्या चांगल्या कॅफेत काउंटरमागे उभा राहा. पैसे थोडे मिळतील, कपबश्या विसळायला लागतील. ते सगळं कर. सलग आठ तास उभं राहून पाय भरून येतात तेव्हाही पुढचा कप तितक्याच मनापासून करावासा वाटतो का, हे तुला तिथेच कळेल. घरात हँड ग्राइंडर आणि व्ही-सिक्स्टी (कॉफी गाळायचं शंकूसारखं भांडं) घेऊन बसल्याने ते कळत नाही.

इथली, मेलबर्नची, गिऱ्हाइकं तयार जिभेची आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीहून आलेल्या लोकांनी या शहराला एस्प्रेसोची, म्हणजे यंत्रात दाबाने काढलेल्या दाट कॉफीची, सवय लावली. बर्क स्ट्रीटवरचं पेलेग्रिनीज हे कॅफे 1954 पासून चालू आहे. 2008 मध्ये स्टारबक्सला ऑस्ट्रेलियातल्या 84 पैकी 61 शाखा बंद कराव्या लागल्या, कारण कोपऱ्यावरच्या कॅफेत लोकांना त्याहून चांगली कॉफी आधीपासूनच मिळत होती. पहिल्याच दिवशी कुणीतरी तुझ्याकडे 'मॅजिक' मागेल. मॅजिक म्हणजे लहान कपात डबल रिस्ट्रेटो (कमी पाण्यात काढलेली आणखी दाट एस्प्रेसो) आणि पाऊण कपापर्यंत दूध. ही मेलबर्नचीच खासियत, इथे येण्याआधी शिकून घे.

माझी पहिली ट्रायल शिफ्ट, म्हणजे नोकरी देण्याआधीची चाचणीची पाळी, सांगते. सकाळी गारठा होता. ग्राइंडर नीट लावला होता: 20 ग्रॅम पूड, 28 सेकंदांत 40 ग्रॅम कॉफी. दहाच्या सुमारास उत्तरेकडून गरम वारा सुटला आणि गर्दीत सतत चालून ग्राइंडरही तापला. शॉट, म्हणजे एका वेळी यंत्रातून उतरणारी एस्प्रेसो, 19 सेकंदांतच धो धो यायला लागला, रंगही फिका. मला ते दिसत होतं. पण डॉकेटची, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची, रांग लांबली होती, म्हणून दळण बारीक न करता मी तसेच कप पुढे सरकवत राहिले. मुख्य बरिस्टाने त्यातला एक चाखला, सगळे सिंकमध्ये ओतले आणि न बोलता पुन्हा केले. नोकरी मिळाली नाही. वर चार तासांच्या कामाचे पैसेही दिले नाहीत, आणि मला कायदा माहीत नव्हता म्हणून मी गप्प बसले. तू गप्प बसू नकोस. काम येतं की नाही हे पाहायला जेवढा वेळ लागतो तेवढाच बिनपगारी चालतो, त्यापुढच्या प्रत्येक तासाचा पगार तुझा हक्काचा आहे.

दुधावर सर्वांत जास्त मेहनत घे. आपल्याला दूध वर येईपर्यंत तापवायची सवय, ती आधी मोडायला हवी. 60 अंशांच्या आसपास दुधाची गोडी उत्तम लागते, 70 च्या पुढे गेलं की ती उतरते. सुरुवातीचे दोन-तीन सेकंद कागद हळूच फाडल्यासारखा आवाज यायला हवा, मग वाफेची नळी किंचित आत घेऊन भोवरा धरायचा. दुधाच्या भांड्याला लावलेल्या तळव्याला चटका बसायला लागला की वाफ बंद. लगेच नळी पुसायची आणि एकदा वाफ सोडायची, दर वेळी, न चुकता. लॅटे आर्ट, म्हणजे दुधाच्या फेसाची नक्षी, नंतर येतं. इथले मालक आधी तुझा ओला फडका कुठे ठेवलाय ते बघतात.

चवीसाठी परक्या यादीतले शब्द पाठ करू नकोस. केनियाच्या कॉफीत मला करवंद सापडतं, धुतलेल्या (गर काढून बिया धुऊन वाळवलेल्या) इथिओपियन कॉफीत लिंबू आणि मोगरा. कोकम, चिंच आणि कैरी यांच्या आंबटपणातला फरक तुझ्या जिभेला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याच्यावर विश्वास ठेव. जमलं तर चिकमगळूरला तोडणीच्या दिवसांत जाऊन ये. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यालाही कॉफी होते, तेही बघ. ज्याने कॉफीची लालबुंद फळं हाताने तोडलीत तो एक शॉटसुद्धा बेफिकिरीने फुकट घालवत नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय.

आता व्हिसा. 2024 पासून भारतीयांना ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा मिळतो. वर्षाला 1000 जागा, निवड लॉटरीने, वय 18 ते 30. एक वर्ष राहता येतं, पण एका मालकाकडे साधारण सहा महिनेच काम करता येतं. तू 29 चा आहेस, तेव्हा पुढची नोंदणी सुटली की लगेच नाव टाक. निकालाची वाट बघताना पुण्यातलं काम चालू राहील. कायमचं राहायचा रस्ता मात्र बरिस्टाच्या कामातून सहज निघत नाही. घरी बोलशील तेव्हा हे लपवू नकोस. 'एक वर्ष शिकून येतो' असं खरं सांगितलंस तर तुझे बाबा ऐकून घेतील असं मला वाटतं. निदान तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेव, कारण सुरुवातीला आठवड्याला दोनच शिफ्ट मिळतील.

या शनिवारी एकाच बियांचे तीन शॉट काढ: 20, 28 आणि 40 सेकंदांचे. शेजारी शेजारी ठेवून चाख आणि प्रत्येकाची चव तुझ्या शब्दांत मला लिहून पाठव. मी वाट बघते.

तुझी,
ताई