किती घेतोस ते आधी सांग

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलेला, मी सकाळी चहा घेताना वाचला. काका झोपेच्या गोळ्या मिळतील का, तुमची मेडिकलवाल्यांशी ओळख आहे म्हणून विचारतोय, पप्पांना नका सांगू. नाही मिळणार. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर सगळं पत्र वाचताना तू त्याचीच वाट बघत बसशील.

मोबाईलवर टाईप करतोय, चष्मा जुना आहे, चुका झाल्या तर समजून घे.

गणपतीत आलेलास तेव्हा काकूनं भडंगाची ताटली पुढं केली, तू दोन घास खाल्लेस आणि बाजूला सारलीस. सांगलीचा पोरगा भडंग अर्धं टाकतो म्हटल्यावर माझं लक्ष गेलं. कानाच्या पुढं दोन्ही बाजूला बोटांनी चोळत होतास, आणि शर्टाच्या खिशात च्युइंगमची दोन पाकिटं. तीस वर्षं मिरजेत मेडिकलच्या काउंटरमागं उभा राहिलोय रे, माणूस काय मागतो त्याच्याआधी त्याचं तोंड वाचायची सवय लागते. दाढ दुखतीय का विचारलं तर हो म्हणालास. मग संध्याकाळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर गेलो तेव्हा तू स्वतःच बोललास, की एक्स्टसी आहे काका, एमडीएमएची नशेची गोळी, कधीतरी घेतो, फक्त पार्टीला, याचं व्यसन लागत नाही. रात्रभर दात आवळून बसल्यावर जबडा दुखणारच.

तुझ्या सगळ्या बोलण्यात मला खटकला तो एकच शब्द, कधीतरी. पावसाळ्यात सांगलीत कुणी म्हणतं का की कृष्णेला जरा पाणी आलंय? नाही म्हणत. आयर्विनला किती फूट, हेच विचारतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं तेव्हा आपल्या गल्लीतल्या आज्जीसुद्धा फूट-इंचात बोलत होत्या कारण त्या आकड्यावर ठरायचं की गादी माळ्यावर टाकायची की गाव सोडायचं. आणि तू इंजिनिअरिंगचा पोरगा मला कधीतरी सांगतोस. किती गोळ्या? महिन्यातनं किती शनिवार? एका रात्रीत किती वेळा? हे सांग, बाकीचं नंतर.

मी एवढा का चिडतो ते पण ऐक. २००८ ला माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, ड्रिंक्स? मी म्हटलं कधीमधी, लग्नाकार्यात. शेजारी तुझी काकू उभी होती, तिच्याकडं मी बघितलंच नाही. खरा आकडा होता रोज दोन क्वार्टर, अकरा वर्षं, दुकान बंद केल्यावर. ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या रात्री सलाईनच्या स्टँडवरनं लाल मुंग्या खाली उतरायला लागल्या, माझ्या हातावर, सुईच्या चिकटपट्टीखाली. मी सुई उपटली. मग हातपाय बँडेजनं पलंगाला बांधले मला, आणि मी, फार्मासिस्ट माणूस, ज्याला दारू अचानक तुटल्यावर काय होतं ते पुस्तकातनं पाठ होतं, मी वॉर्डबॉयला आईवरनं शिव्या देत होतो. डॉक्टरांना वाटत होतं जंतुसंसर्ग असेल, सोडियम कमी झालं असेल, तपासण्यांवर तपासण्या. पहाटे काकूनं बाहेर जाऊन आकडा सांगितला तेव्हा कुठं योग्य औषध सुरू झालं. तिनं नसतं सांगितलं तर हे पत्र तुला आलं नसतं. डॉक्टर चांगले होते, पण मी सांगितलेल्या दुसऱ्याच माणसावर ते उपचार करत होते.

आता तुझं. पुण्यातल्या डॉक्टरांनी तुला एसिटॅलोप्रॅम दिलीय, उदासपणासाठी. आधी दहाची, मग वीसची. तू पुलावर हसत हसत सांगितलंस की गुरुवार-शुक्रवार ती गोळी घेत नाहीस कारण घेतली तर शनिवारची चढत नाही. मला हसू आलं नाही. अरे लेका, वीसची का झाली कळतंय का तुला? तू सांगितलंस गुण येत नाही, त्यांनी डोस वाढवला. येईल कसा गुण? आठवड्यातनं दोन दिवस औषध बंद आणि तिसऱ्या दिवशी त्याच सेरोटोनिनवर, मेंदूतल्या मूड सांभाळणाऱ्या रसायनावर, दरोडा. शनिवारची गोळी मेंदूत साठलेलं सेरोटोनिन चार-सहा तासांत उधळून टाकते, पगार एक तारखेलाच उडवल्यासारखं, मग मंगळवारी-बुधवारी तू रूमवर तोंडावर पांघरूण घेऊन पडतोस आणि म्हणतोस डिप्रेशन परत आलं. त्यातलं आजारपण किती आणि शनिवार किती, हे ते डॉक्टर ओळखणार कसे, तू त्यांना शनिवार सांगितलाच नाहीस तर? आणि दोन्ही औषधं सेरोटोनिनवरच काम करतात, ते अंगात नको इतकं वाढलं तर ताप, थरथर, स्नायू ताठ, भान जाणं, यात माणसं दगावतात. ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी त्यात पडली तर अजूनच वाईट. आणि हे वाचून आता एसिटॅलोप्रॅम स्वतःच्या मनानं बंद करू नकोस, तो पण तुझ्या डॉक्टरांनीच ठरवायचा विषय आहे, खरं ऐकल्यावर.

व्यसन लागत नाही हे तुला कुणी सांगितलं? दारूसारखे हात थरथरत नाहीत, मुंग्या दिसत नाहीत, मान्य. पण तूच म्हणालास की पहिल्या वेळी अर्धी पुरली, आता दोन लागतात, आणि ते पहिल्यासारखं प्रेम वगैरे वाटत नाही, नुसता जबडा आणि धडधड. गोळीशिवाय मित्रांसोबत बसवत नाही हे पण तूच म्हणालास. मग अजून काय लागायचं राहिलंय?

दोनचं गणित पण ऐक. चढायला पाऊण-एक तास लागतो, तेवढ्यात वाटतं माल फालतू आहे म्हणून माणूस दुसरी टाकतो. ही गोळी पचवायला शरीरात जे एन्झाइम असतं त्यालाच ही बंद पाडते, म्हणजे दुसरी गोळी दुप्पट चढत नाही, दुपटीच्या वर चढते. बंद हॉलमध्ये नाचत असतोस, अंग तापतं, शरीराला थंड होता येत नाही, ताप बेचाळीस सेल्सिअसच्या दिशेनं गेला की किडनी, लिव्हर, रक्त गोठणं सगळंच हातातनं जातं. तू म्हणालास मी पाणी भरपूर पितो. तोही घोळच आहे. ही गोळी लघवी अडवते, वरनं लिटरच्या लिटर साधं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम खाली येतं आणि मेंदूला सूज. इंग्लंडमध्ये १९९५ ला एक मुलगी आपल्या अठराव्या वाढदिवसाच्या पार्टीत अशीच गेली, सात लिटर पाणी प्यायली होती दीड तासात. पाणी किती, तेही मोजून.

कधी कुणी सोबतचा तापला, बरळायला लागला, आकडी आली, तर १०८ ला फोन कर. मोकळ्या हवेत आण, कपडे सैल कर, ओल्या फडक्यानं पूस, बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपव. आणि डॉक्टरांना काय घेतलं, किती, किती वाजता, हे सांग. पळून जाऊ नकोस. उन्हात फिरला, बाहेरचं खाल्लं असलं काही ऐकवू नकोस.

एमडीचं बोलणं काढलं तेव्हा तू जरा तोऱ्यात म्हणालास, ते कुपवाडवालं आम्ही घेत नाही, आमचं क्लीन असतं. बाबा, आपल्याकडं ज्याला एमडी म्हणतात ते मेफेड्रोन, तुझं एमडीएमए, नावं मिळतीजुळती, रसायनं वेगळी, एवढं बरोबर. पण तुझ्या गोळीत काय आहे ते तुला कुणी सांगितलं? विकणाऱ्यानंच ना? २०२४ ला कुपवाडचं नाव बातम्यांत आलं, मग कवठेमहांकाळकडं इरळीत कारखाना सापडला, २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ कार्वेला. द्राक्ष-हळदीच्या जिल्ह्यात शेडमध्ये असला माल शिजतो, तिथं गोळीवर छाप फुलपाखराचा आणि आत मेफेड्रोन, कॅफिन किंवा अजून काहीही असू शकतं. आमच्या काउंटरवरच्या क्रोसिनवर बॅच नंबर असतो, मिलिग्रॅम असतात, एक्स्पायरी असते. तुझ्या गोळीवर फुलपाखरू.

परदेशात औषध म्हणून देतात हे पण तुझंच. देतात, ऑस्ट्रेलियात, जुलै २०२३ पासून, पीटीएसडीसाठी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या मानसिक आजारासाठी, परवानगी घेतलेल्या मानसोपचारतज्ज्ञांनीच, मिलिग्रॅम मोजून, शेजारी थेरपिस्ट बसवून. अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएनं ऑगस्ट २०२४ ला नाकारलं. यातलं तुझ्या शनिवारशी काय जुळतंय ते तूच बघ.

पोलिसांची भीती वाटते म्हणून डॉक्टरांना सांगत नाहीस, हे मला पटतं, कारण भीती खरी आहे. एमडीएमए अर्धा ग्रॅमपर्यंत असलं तर कायद्यात ते थोडं प्रमाण धरतात, आणि वजन सगळ्या गोळीचं धरतात, भेसळीसकट, सुप्रीम कोर्टानं २०२० ला ते स्पष्ट केलंय. म्हणजे पाव ग्रॅमच्या वरची गोळी असली तर मित्रासाठी खिशात ठेवलेल्या दोनच गोळ्यांनी तू त्याच्या पुढं गेलास. पण त्याच १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात कलम ६४अ आहे, सेवनाच्या किंवा थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि ते पुरे केले तर त्याला खटल्यातनं सवलत मिळते, अर्धवट सोडले तर ती काढूनही घेतात. आणि मानसिक आरोग्यावरच्या २०१७ च्या कायद्यानं तुझ्या उपचाराची माहिती गुप्त ठेवायची जबाबदारी डॉक्टरांवर आहे. डॉक्टर म्हणजे पोलीस चौकी नव्हे.

उपचार काय असतात विचारलंस. ही सवय सोडवणारी खास अशी गोळी अजून निघालेली नाही, हे मी सांगतो, गोळ्या विकून पोट भरलेला माणूस. समुपदेशन असतं, शनिवारी संध्याकाळी सहा वाजता नेमकं काय होतं, कुणाचा फोन येतो, मग तू काय करतोस, ते उकलायचं, आणि खालचं डिप्रेशन, झोप, यांचं नीट बघायचं. सगळ्यांनाच भरती व्हावं लागत नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून, साताऱ्यात दाभोलकरांनी उभं केलेलं तसंच परिवर्तन आहे, आपल्या सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे. फोनवरच बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६, किंवा मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६, रात्री पावणेदोनला पण. पुढच्या वेळी त्या वेळेला मला झोपेच्या गोळ्या मागण्यापेक्षा तिकडं लाव.

झोपेच्या गोळ्यांचं एक राहिलं. २००२-०३ च्या सुमाराला दुकानात एक पोरगा यायचा, तुझ्याच वयाचा, सॅकला निळी चेन. अल्प्राझोलामची पट्टी मागायचा, आधी महिन्यातनं एक, मग आठवड्याला, चिठ्ठी एकदाच दाखवलेली, ती पण जुनी, घडीवर फाटलेली. मी देत गेलो. मालक वेगळा होता, मी पगारी माणूस, शेजारचा देतच होता, मी नाही म्हटलं असतं तर तो चार पावलं पुढं गेला असता. हे सगळं खरंच आहे. तरीपण किती घेतोस रे दिवसाला, एवढं विचारायला काही पैसे पडत नव्हते, मी विचारलं नाही. त्या काळात माझ्या स्वतःच्या दोन क्वार्टर चालू होत्या, त्याला विचारलं असतं तर त्यानं मला विचारलं असतं. एका दिवाळीनंतर तो आलाच नाही. बदली झाली असेल बापाची. बरा पण झाला असेल.

म्हणून तुला गोळ्या देत नाही, आणि विचारणं पण सोडत नाही, तुला राग येऊ दे.

पप्पांना मी स्वतःहून सांगणार नाही. पण त्यांनी समोर बसवून सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही, हे तू धरून चाल. तूच सांगितलंस तर बरं, काकू येईल सोबत, ती अशा कामात माझ्यापेक्षा पटाईत आहे.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं ये, शनिवार इथंच काढ. सोमवारी सिव्हिलला केसपेपर काढू, मी गेटजवळच्या चहाच्या गाड्यावर असेन. पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी आण, एसिटॅलोप्रॅमची पट्टी आण, रिकामी झालेली पण. आणि एका कागदावर लिहून आण, या वर्षातले शनिवार, प्रत्येकापुढं गोळ्या, शेवटची कधी त्याची तारीख, सोबत दारू किती. न आठवणाऱ्या शनिवारपुढं आठवत नाही असं लिही, कधीतरी लिहू नकोस.