चिखलकाल्याला दोन कॅमेरे नेताय? एनडी एकालाच लावा

गोव्यातल्या माशेलच्या चिखलकाल्याला, म्हणजे आषाढात चिखलात खेळायच्या उत्सवाला, डीएसएलआर आणि ॲक्शन कॅमेरा दोन्ही आणताय, आणि दोन्हींना एनडी फिल्टर (लेन्सवर बसवायची, उजेड कमी करणारी काळसर काच) लावू का, असं विचारलंय. डीएसएलआरला लावा, छोट्याला नको.

मोठा कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटरवर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे देवकीकृष्णाच्या देवळात आत शिरलात तरी दिव्यांचे पट्टे सरकताना दिसत नाहीत. आता हिशोब बघा: लख्ख उन्हात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि १/५० धरलं, तर लेन्सचं छिद्र एफ/२२ पर्यंत बंद करावं लागतं. पाठीमागची गर्दी धूसर हवी म्हणून एफ/४ वर यायचं तर पाच स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) प्रकाश अडवायला हवा, म्हणजे एनडी३२. पण हा आषाढ. घडीत ऊन, घडीत सर. म्हणून फिरवून कमी-जास्त होणारा एनडी सोयीचा. फक्त स्वस्तातला टोकापर्यंत फिरवू नका, चित्रावर काळी फुली उमटते.

बहुतेक ॲक्शन कॅमेऱ्यांचं छिद्र बदलत नाही, त्यामुळे उजेड वाढला की कॅमेरा शटरचा वेग वाढवतो. वाढवू दे. चिखलात उड्या मारणाऱ्यांमागे पळताना हादरे सावरायचं काम स्टॅबिलायझेशन करतं. तेव्हा शटर हळू असलं तर चौकट स्थिर राहते, पण आतलं चित्र थरथरल्यासारखं पुसट होतं. फिल्टर लावून हे दुखणं विकत कशाला घ्यायचं? व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) मात्र दोन्हींवर सारखा अडकवून टाका. ऑटोवर ठेवलात तर एकात चिखल तांबडा, दुसऱ्यात करडा, आणि घरी जुळवता जुळवता नाकी नऊ येतात.

अंतराचं म्हणाल तर छोटा कॅमेरा हातभरावर न्या. दहा फुटांवरून माणूस मुंगीएवढा दिसतो. मोठा घेऊन कडेलाच, छपराखाली थांबा. इथे कडेला उभ्या माणसालाही ओढतात बरं का, आणि ओढणाऱ्याला तुमच्या लेन्सची किंमत ठाऊक नसते.

खेळणारे अंगाला तेल चोपडून उतरतात, हे पहिल्या वर्षी माझ्या ध्यानातच आलं नाही. छोट्या कॅमेऱ्याच्या काचेवर शिंतोडा उडाला, मी शर्टाच्या टोकाने पुसला. तेल पसरलं, वर बारीक खड्यांचे ओरखडे. विठ्ठलाचा गजर चालू असतानाचं सगळं शूटिंग दुधात बुडवल्यासारखं आलं. तेव्हापासून बरोबर स्वच्छ पाण्याची बाटली असते: आधी धार सोडायची, खडे गेले की मग मऊ कापड. तेल राहिलंच तर घरी भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. बॅटरीचं दार नीट बसलंय की नाही, हे उतरण्याआधीच बघा. तिथे वाळूचा एक कण अडकला तरी पाणी आत जातं.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या डीएसएलआर बाहेर काढू नका, काचेवर वाफ धरते. बॅग बंद ठेवून अर्धा तास थांबा. तेवढ्यात कोपऱ्यावरचा चहा होतो.

आवाज मोठ्या कॅमेऱ्यावर, केसाळ वाराटोपी घातलेल्या माइकने घ्या. छोट्याचा माइक भिजला की सगळं मडक्यातून बोलल्यासारखं ऐकू येतं. दोन्ही चालू करून एकदा टाळी वाजवा, म्हणजे एडिटिंगला जुळवायला खूण मिळेल. आणि हो, टाळी चिखलात उतरण्याआधी.