झाडं तोडून वृद्धाश्रम बांधायचा का?

प्रश्न: चिपळूणजवळ आमची दोन एकर जागा आहे, तिथे वीस आजीआजोबांसाठी घर बांधायचंय. आर्किटेक्ट म्हणतात झाडं काढून काचेची एसी बिल्डिंग करू. पटत नाहीये, काय करावं?

उत्तर: ताई, तुम्हाला पटत नाहीये तेच बरोबर आहे, आंबा-फणस अजिबात तोडू नका! रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकांचा १९८४चा अभ्यास आहे, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्या पेशंटना खिडकीतून झाडं दिसत होती ते भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना स्ट्राँग पेनकिलरही कमी लागल्या. म्हणून खिडकीची चौकट इतकी खाली ठेवा की पलंगावर पडल्यापडल्या झाड दिसलं पाहिजे. बांधकाम जांभ्या दगडाचं, वर उतरतं कौलारू छप्पर आणि चारी बाजूंनी रुंद पडवी, म्हणजे पावसातही चालणं बंद पडत नाही आणि भिंतींवर ऊन येत नाही, मग एसी कशाला हवा. रॅम्प १:१२ पेक्षा चढा नको, म्हणजे एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी, दोन्हीकडे कठडा हवाच. आणि हो, कोकणात शेवाळ धरतं, त्यामुळे बाहेर गुळगुळीत टाइल्स नकोतच, आजी घसरली की खुबा मोडतो. हजार स्क्वेअर फूट छपरावर वर्षाला ३००० मिमी पाऊस म्हणजे पावणेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी, ते विहिरीत सोडा. भाजीचे वाफे मात्र कमरेएवढे उंच बांधा, वाकायला लागलं नाही तर आजोबा स्वतःच मेथी पेरतील.