एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरीची कार रोज ८० टक्क्यांवर थांबवावी की १०० टक्के भरावी? कॅलिब्रेशन (पूर्ण भरून टक्क्यांचा आकडा खऱ्या चार्जशी जुळवणं) केलं नाही तर बॅटरी खराब होते का?

१०० भरा. रोज नाही तरी आठवड्यातून एकदा, आणि तेही घरच्या स्लो चार्जिंगवर. टेस्लासुद्धा आपल्या एलएफपी गाड्यांना आठवड्याला एकदा १०० करा असंच सांगते. बाकीचे दिवस ८० करा नाहीतर ९०, त्याचा बाऊ करू नका.

कॅलिब्रेशनवाला भाग वाचला आणि राहवलं नाही, कारण यावरून आमच्या घरात भांडण झालेलं आहे. मी भुसावळला रेल्वेत बॅटरीवर काम करून निवृत्त झालो. धुळ्याच्या साडूंना इलेक्ट्रिक गाडी घ्यायची होती तेव्हा एलएफपीच घ्या, आपल्याकडच्या उन्हाला ती बरी, असं मीच सांगितलं होतं. गाडी आल्यावर मात्र साडूंनी स्वतःचं शास्त्र काढलं. मोबाइल ८० च्या वर चार्ज करत नाहीत म्हणून गाडीही ८० च्या वर नाही. एकदाही नाही. मी फोनवर सांगायचो, "अहो, महिन्यातून एकदा तरी भरा." त्यावर उत्तर ठरलेलं: "तुमचा काळ ॲसिडच्या बॅटऱ्यांचा होता."

फैजपूरला भाचीचं लग्न होतं, मे महिन्यातलं. साडू हळदीच्या दुपारी धुळ्याहून निघाले, काट्यावर ८० टक्के आणि एसी फुल. जळगावपर्यंत सगळं ठीक. नशिराबाद मागे टाकलं आणि वीस-बावीसवर असलेला आकडा बघता बघता एक अंकी झाला. गाडीने जोर काढून घेतला. रांगत रांगत कशीबशी माझ्या दारात आली, आणि उतरल्या उतरल्या पहिलं वाक्य: "तुम्ही सांगेल बॅटरी, गई ना!" पुढे दुसऱ्याच्या गाडीत बसून फैजपूरला गेले. दुसऱ्या दिवशी वरण-बट्टीच्या पंगतीत मी वाढतोय, आणि हे शेजारच्याला सांगताहेत की यांच्या नादी लागून पंधरा लाख पाण्यात गेले. ऐकू येईल एवढ्या आवाजात.

बॅटरी कुठेही गेली नव्हती. गेला होता तो आकड्याचा हिशोब. आमच्या शिसे-ॲसिडच्या सेलमध्ये हायड्रोमीटर बुडवला की चार्ज किती उरलाय ते कळायचं. एलएफपीत तशी सोय नाही. तिच्या सेलचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात ३.३ च्या आसपास बसून राहतं. ३० टक्के आणि ७० टक्के यांत फरक काही शतांश व्होल्टचा. एनएमसीत, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या लिथियम बॅटरीत, तोच तीन दशांशाच्या आसपास असतो. मग बीएमएसने, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या गाडीतल्या यंत्रणेने, टक्के काढायचे कशावरून? तो आत किती करंट गेला, बाहेर किती आला याची बेरीज-वजाबाकी करत राहतो. सेन्सरची बारीक चूक, उभ्या गाडीने खाल्लेली थोडी थोडी वीज, सगळं साचत जातं. दुकानदाराने रोजमेळ लिहायचा पण गल्ला कधी मोजायचाच नाही, तसा प्रकार. १०० टक्क्यांजवळ मात्र व्होल्टेज झपकन ३.६५ कडे चढतं, बीएमएसला कळतं की आता भरली, आणि मागची साचलेली चूक तिथे पुसली जाते. सेलचं बॅलन्सिंगही, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणं, बऱ्याच गाड्यांत वरच्या टोकालाच होतं, म्हणून १०० दिसल्या दिसल्या प्लग उपटू नका.

साडूंची गाडी माझ्याकडेच होती ना. मी ती भाडेकरूच्या सबमीटरवर १५ अँपिअरच्या सॉकेटला लावली. रात्र गेली, सकाळही गेली, तेव्हा कुठे भरली. मीटर चौतीस युनिटच्या आसपास फिरला. पॅक तीस युनिटचा, स्लो चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के वाया जातात, म्हणजे बॅटरी ठणठणीत. साडू गाडी न्यायला आले तेव्हा रीडिंग दाखवलं. "मीटर तुमचा आहे," म्हणाले. आता याला काय बोलणार?

तुम्हालाही बॅटरीची तब्येत बघायची असेल तर असंच बघा: गाडी दहा टक्क्यांपर्यंत उतरवा, पूर्ण भरा, मीटरचे युनिट लिहून ठेवा, आणि वर्षाने पुन्हा ताडून पाहा. अगदी काटेकोर नाही, पण स्क्रीनवरच्या रेंजपेक्षा पुष्कळ खरं. रेंजचा आकडा तुमच्या चालवण्यावरून बदलतो, त्याला बॅटरीची तब्येत समजणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं.

कॅलिब्रेशन न करण्याने रसायन बिघडत नाही. फक्त आकडा खोटा बोलतो आणि तुम्ही रस्त्यात अडकता. रसायन झिजतं ते वापराने, वयाने आणि उष्णतेने. एलएफपी उष्णतेला एनएमसीपेक्षा स्थिर असते, पण म्हणून तिला ऊन लागत नाही असं नाही. भरलेली बॅटरी जास्त वेगाने म्हातारी होते हेही खरं, ते मी नाकारत नाही. तेव्हा १०० भरून गाडी आठ-पंधरा दिवस मेच्या उन्हात उभी ठेवून गावाला जाऊ नका. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो. जायचंच असेल तर पन्नासच्या आसपास ठेवून सावलीत लावा, आणि निघायच्या आदल्या रात्री भरा. बऱ्याच गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते. गाडीसोबतच्या पुस्तकात चार्जिंगबद्दल काय छापलंय ते माझ्या आणि कुणाच्याही साडूच्या आधी वाचा.

आणि हो, हे सगळं एलएफपीपुरतंच. गाडी एनएमसी असेल तर रोज ८० ला थांबा, १०० फक्त लांबच्या प्रवासाआधी. तिथे साडूंचं बरोबर आहे, पण त्यांची गाडी एनएमसी नाही.