कलेतून शिकवायचे, पण निकाल घसरला तर?

शाळेत कलेच्या आधाराने शिकवण्याची पद्धत आणू पाहणारे मुख्याध्यापक आणि शिक्षक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा प्रत्येकाची मांडणी निराळी असली तरी प्रश्न बहुधा एकच असतो: मुलांच्या हाती रंग, माती आणि नाटुकली दिली आणि त्या नादात दहावीचा निकाल घसरला, तर उत्तर कोणी द्यायचे? वडोदऱ्यातील एका मुख्याध्यापिकांच्या अनुभवाच्या निमित्ताने या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर देता येईल असे वाटते. त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दांडिया बाजारच्या परिसरात, मराठी घरात वाढलेल्या या बाई एका ट्रस्टच्या गुजराती माध्यमाच्या शाळेत बरीच वर्षे शिकवून मुख्याध्यापिका झाल्या होत्या. शाळेत सगळे त्यांना बेन म्हणत. माझ्याकडे त्या आल्या त्या शिक्षणाचा प्रश्न घेऊन नव्हे, तर झोपेची तक्रार घेऊन. रात्री दोन-अडीचला जाग येई आणि मग उजाडेपर्यंत डोक्यात शाळाच चाले. स्टाफ मीटिंगच्या आदल्या दिवशी पोटात गोळा येई, जेवण जात नसे. रक्तदाब, थायरॉइड वगैरे तपासण्या फॅमिली डॉक्टरांनी आधीच करून घेतल्या होत्या आणि त्यात काही निघाले नव्हते.

पार्श्वभूमी अशी होती. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून कलेला शालेय शिक्षणात मानाचे स्थान द्यावे असे सांगितले जात आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर सर्व विषय कलेशी जोडून शिकवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. बाई एका प्रशिक्षणाला जाऊन आल्या, भारावून गेल्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी सहावी ते आठवीसाठी भला मोठा आराखडा तयार केला. प्रत्येक शिक्षकाने आठवड्यातून एक तास कलेच्या आधाराने घ्यायचा, दर महिन्याला प्रदर्शन भरवायचे, नवरात्रात गरब्यातून भूमिती शिकवायची, वर्षअखेरीस पालकांसाठी मोठा सोहळा करायचा. जूनच्या पहिल्या बैठकीत त्यांनी तो वाचून दाखवला. कोणी विरोध केला नाही, कोणी काही विचारलेही नाही. फक्त एका ट्रस्टींनी जाता जाता म्हटले, ‘‘बेन, छान आहे, पण दहावीचे काय?’’ झोप त्या रात्रीपासून उडाली होती.

काळजी डोक्यात फिरत राहते तोवर ती एकसंध आणि अवाढव्य वाटते, म्हणून पहिल्याच भेटीत मी त्यांना कोरा कागद दिला आणि भीतीचे वाक्य शेवटपर्यंत लिहायला सांगितले. त्यांनी लिहिले: निकाल घसरला तर पालक मुलांचे दाखले काढतील, दाखले गेले तर वर्ग तुटेल, वर्ग तुटला तर कोणाची तरी नोकरी जाईल. मग पेन थांबले. बऱ्याच वेळाने अगदी बारीक अक्षरात, कागदाच्या कडेला, त्यांनी शेवटचे वाक्य लिहिले: बाईंच्या हौसेपायी शाळा बुडाली असे लोक म्हणतील.

या साखळीतील पहिलाच दुवा आम्ही तपासला. आराखडा होता सहावी ते आठवीचा. त्यातील सर्वांत मोठी मुले दहावीच्या परीक्षेला बसायला अजून पुढची दोन वर्षे जाणार होती, म्हणजे येत्या मार्चच्या निकालाशी या योजनेचा काडीचाही संबंध नव्हता. हे बाईंना माहीत नव्हते असे नाही, पण रात्री अडीच वाजता माहीत असलेल्या गोष्टी कामाला येत नाहीत. निकालाची भीती एवढी सहज बाजूला सरकली, त्यावरून माझा असा समज झाला की खरी भीती तिच्या आड आहे.

पुढच्या भेटीत मी त्यांना भूमिकाबदल करायला लावला. बैठकीतल्या मौनात त्यांना सर्वांत बोचले होते ते गणिताच्या ज्येष्ठ शिक्षकांचे मौन, म्हणून त्यांनी सर व्हायचे आणि मी मुख्याध्यापिका. मी त्यांचाच आराखडा त्यांना समजावू लागले. सरांच्या खुर्चीत बसलेल्या बाई आधी हाताची घडी घालून गप्प राहिल्या आणि मग एकदम म्हणाल्या, ‘‘मला साधी चिमणी काढता येत नाही. या वयात मुलांसमोर हसे करून घेऊ का?’’ बोलून झाल्यावर त्या स्वतःच दचकल्या. सर असे कधी म्हणाले नव्हते. पण इतक्या वर्षांच्या सहवासात बाईंना ते आत कुठेतरी कळलेले होते.

माझ्या अनुभवात शिक्षकांचा विरोध कलेला क्वचितच असतो. वर्षानुवर्षे फळ्यासमोर ज्या अधिकाराने ते उभे राहिले, तो अधिकार एका तासात हातातून जाईल आणि आपले अनाडीपण मुलांना दिसेल, ही लाज त्यांना अडवते. ज्या व्यक्तीला स्वतःला कला येते तिला ही लाज दिसत नाही. बाई लहानपणी गायन शिकल्या होत्या, आणि ज्या शहरात १८८६ मध्ये गायनशाळा सुरू झाली तिथे गाणे येणे हे त्यांना नळाला पाणी येण्याइतके साधे वाटत होते. (पन्नाशीच्या शिक्षकांना गोलात उभे करून फुलपाखरू व्हायला लावणारी प्रशिक्षणे तर मला शिक्षाच वाटतात. तिथून परतलेला माणूस कलेचे नाव काढले की दारामागे लपणारच.)

बाईंना सयाजीरावांचा मोठा अभिमान. बोलण्यात त्यांचा दाखला वारंवार येई, म्हणून मी तोच धागा धरला. महाराजांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली तालुक्यापुरता सुरू केला आणि संपूर्ण संस्थानात ते लागू केले १९०६ मध्ये. ज्यांच्या एका हुकमाने काम झाले असते त्यांनीही आधी एका भागात अडचणी पाहून घेतल्या, शिक्षक आणि शाळा उभ्या केल्या आणि तेरा वर्षांनी पुढचे पाऊल टाकले. बाईंनी आराखड्यातले ‘सर्व शिक्षक’ हे शब्द तिथेच खोडले. दिवाळीच्या सुटीपर्यंत एक वर्ग, एक विषय आणि एकच घटक, इतकेच ठेवायचे ठरले. प्रदर्शन नाही, सोहळा नाही, फोटो काढून ग्रुपवर टाकणे नाही. स्नेहसंमेलनासाठीची कला आणि तासातली कला यांची गल्लत झाली की शिक्षकाचे सगळे लक्ष पाहुण्यांना काय दिसेल याकडे जाते आणि शिकवायचा धडा राहून जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरांशी काय बोलायचे याचा आम्ही सराव केला. आराखड्यातले एकही भारदस्त वाक्य त्यात ठेवले नाही. शाळा सुटल्यावर चहा घेताना बाई त्यांना म्हणाल्या, ‘‘सर, तुम्ही काही काढायचे नाही. आठवीला वर्ग आणि वर्गमूळ हा घटक तुम्ही जसा घेता तसाच घ्यायचा. फक्त मुलांना ठिपक्यांची रांगोळी काढू द्या आणि प्रश्न गणिताचेच विचारा. मी वर्गात येणार नाही.’’ शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम घातले होते. सर ‘‘बघू’’ म्हणाले. आपल्याकडे या ‘बघू’ला बहुधा नकारच समजतात, पण सरांनी खरोखरच बघितले.

त्या तासाची एका मुलीची वही बाई मला दाखवायला घेऊन आल्या. पानावर ठिपके होते: वर एक, खाली तीन, मग पाच, मग सात, आणि पुन्हा उतरत पाच, तीन, एक. बाजूला सरांच्या प्रश्नांची उत्तरे. वरपासून सातच्या ओळीपर्यंत ठिपके १६, म्हणजे चारचा वर्ग. उरलेले ९, म्हणजे तीनचा वर्ग. क्रमाने येणाऱ्या विषम संख्यांची बेरीज वर्गसंख्या असते हा पुस्तकातलाच भाग झाला. पण एकूण ठिपके २५ भरल्यावर मुलीने खाली लिहिले होते, ‘पूर्ण रांगोळीचे ठिपकेसुद्धा नेहमी वर्गसंख्याच असतील.’ सरांनी हो किंवा नाही म्हटले नव्हते. मधली ओळ नऊ ठिपक्यांची घेऊन बघ, एवढाच शेरा होता. पुढच्या पानावर तिने ती रांगोळी काढली होती, ठिपके ४१ भरले होते, आणि आपले आधीचे वाक्य तिने एक रेघ मारून खोडले होते. त्याखाली तिचा नवा प्रश्न होता: ‘मग सातलाच का जमले?’ तीनचा वर्ग आणि चारचा वर्ग मिळून पाचचा वर्ग होतो, इथपर्यंत वर्ग पुढच्या तासाला पोचला. ज्याला आपण पायथागोरसचे त्रिकूट म्हणतो ते त्यांना रांगोळीत सापडले होते. सरांनी खडूची रांगोळी स्वतः काढली नाही. काढायची गरजही नव्हती, कारण तिथे त्यांचे गणितच लागत होते.

इथून पुढचे बरेचसे आपोआप घडले, कारण स्टाफरूममध्ये मुख्याध्यापिकेच्या भाषणापेक्षा सहकाऱ्याच्या वहीला वजन असते. सातवीच्या विज्ञानाच्या शिक्षिकेने हळदीच्या कागदावर साबणाच्या पाण्याने फूल काढून घेतले. पिवळ्यावर उमटणाऱ्या त्या लालसर फुलाचा उपक्रम एनसीईआरटीच्या पुस्तकात आम्ल आणि अल्कलीच्या धड्यात कितीतरी वर्षे छापलेला होता, पण तो वाचून पुढे जायची सवय पडली होती. इतिहासाच्या तासाला मुले तांबेकर वाड्यातील एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रे पाहून आली आणि त्यांत कोणाचे पोशाख कसे दिसतात, कोणती शस्त्रे दिसतात, यांवर त्यांनी टिपणे लिहिली. इंग्रजीच्या शिक्षकांनी मात्र काहीही केले नाही. बाईंनी त्यांना एकदाच विचारले आणि सोडून दिले. हे सोडून देणे त्यांना सर्वांत जड गेले, आणि त्यावर आम्हाला बऱ्यापैकी बोलावे लागले.

पालकसभेची भीती उरली होती. ‘कलेमुळे मुलांचे गुण वाढतील’ असे आश्वासन देऊन टाकावे असा बाईंचा विचार होता आणि मी त्याला ठाम विरोध केला. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. वर्गातील नाट्यीकरणाने भाषिक कौशल्ये सुधारतात याला त्यात चांगला आधार आहे, संगीतशिक्षणाचे काही फायदे आहेत, पण चित्रकलेने इतर विषयांचे गुण वाढतात याला पुरेसा पुरावा मिळालेला नाही. खोट्या वचनावर उभी केलेली योजना पहिल्याच चाचणीत कोसळते. म्हणून बाईंनी सभेत भाषण केले नाही, बाकांवर वह्या ठेवल्या. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या वडिलांनी विचारलेच, ‘‘रांगोळीने काय होणार?’’ बाईंनी धडा दाखवला, त्यावरचे चाचणीचे प्रश्न दाखवले आणि म्हणाल्या, ‘‘दादा, परीक्षा तीच आहे. तुम्ही दर महिन्याला वही बघा आणि पटले नाही तर मला येऊन सांगा.’’ त्यांना ते पूर्ण पटले नाही. पण ते दर महिन्याला वही बघू लागले, आणि कोणत्याही शाळेला याहून चांगला पालक कुठे मिळतो?

ट्रस्टींना मात्र काहीतरी डोळ्यांत भरेल असे हवे होते. प्रवेशद्वाराच्या भिंतीवर मुलांकडून पिठोरा रंगवून घ्यावा, अशी सूचना आली. छोटा उदेपूरच्या राठवा समाजात पिठोरा हा नवस फेडण्याचा विधी आहे. बडवो त्याचे पौरोहित्य करतो, लखारा घोडे रंगवतो, आणि भिंत असते ती राहत्या घराची. बाईंनी हे समजावून सांगितले आणि भिंतीऐवजी समाजशास्त्राच्या तासात हा विषय घेतला. ट्रस्टी नाराज झाले, तरी त्या आठवड्यात बाईंची झोप मोडली नाही. मला बदल दिसला तो तिथे.

असेच काही ज्यांना होत असेल त्यांच्यासाठी एक सूचना इथेच करते. दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक गेलेली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर शाळेचा आराखडा बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. बाईंवर तशी वेळ आली नाही, म्हणून बोलण्यावर भागले.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारले ते असे: निवृत्तीला थोडीच वर्षे राहिली आहेत, माझ्यामागे हे टिकेल का? मी उलट विचारले की आज शाळेत हे नेमके कशात साठवलेले आहे. त्या म्हणाल्या, माझ्या डोक्यात आणि सरांच्या वर्गात. मग ठरले की ज्या तासात काही जमले त्याचे टाचण, मुलांनी विचारलेल्या प्रश्नांसह, एका फाइलमध्ये लावायचे आणि जे जमले नाही तेही लिहायचे. फाइल मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये न ठेवता स्टाफरूमच्या कपाटात ठेवायची, आणि तिची जबाबदारी बाईंनी स्वतःकडे न घेता गणिताच्या सरांकडे द्यायची. सरांनी ती घेतली, मात्र एका अटीवर: वर्षातून एकदाही तिचे प्रदर्शन भरवायचे नाही.